मिटलेली बाटली

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा "विषय तुमच्या आवडीचा" असंही त्यात होतं. मी विषय कळवला आणि फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. कुवेतमध्ये बसून वाइनवर लेख? म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. या देशात 1960 च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि 2008 साली इथे आल्यापासून मी ती मनापासून पाळत आलोय. या लेखातली प्रत्येक बाटली अरबी समुद्राच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्यात उघडली गेली आहे. बाटल्या एकूण चार. सतरा वर्षांत चार! तेव्हा मंडळातल्या वहिनींनी काळजी करू नये.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं. घरची चार एकर द्राक्षबाग, थॉमसन सीडलेसची. शाळेत असल्यापासून हातात कात्री. घड विरळणं, जीएच्या द्रावणात घड बुडवणं, थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जागणं, हे सगळं केलेलं. म्हणूनच असेल, द्राक्षापासून लांब पळायचं हे मी दहावीतच ठरवलं होतं. इंजिनिअरिंग झालं, दोन वर्षं पुण्यात नोकरी झाली आणि 2004 साली मास्टर्स करायला परदेशी निघालो. मित्र सगळे अमेरिकेला गेले. मला प्रवेश मिळाला तो फ्रान्समध्ये, दिजाँ शहरात. तिथे उतरल्यावर कळलं की आपण बरगंडीच्या राजधानीत आलोय आणि शहराची वेस ओलांडली की दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि फक्त द्राक्षं आहेत. नशीब म्हणतात ते हेच.

सप्टेंबर 2005 मध्ये पैशांची चणचण होती, म्हणून द्राक्षतोडणीच्या कामाला गेलो. दिजाँला अगदी लागून दक्षिणेला मार्साने नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावाने निघणाऱ्या वाइनला 1987 मध्ये स्वतंत्र मानांकन मिळालं. लाल, पांढरी आणि गुलाबी अशा तिन्ही वाइन तिथे होतात. लाल वाइन पिनो न्वार या द्राक्षाची. आपल्याकडच्या बागा मांडवावर नाहीतर वायच्या आकाराच्या तारांवर डोक्याएवढ्या उंच. तिथल्या वेली जेमतेम कमरेएवढ्या. दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला झाला. पण ज्यांची बाग होती त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या घरी द्राक्षं आहेत का?" मी कात्री कशी धरतो एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. घरापासून इतक्या लांब आल्यावर कुणीतरी आपल्याला हातावरून ओळखावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढच्या वर्षी निघताना त्यांच्याकडून 2005 च्या लाल वाइनच्या चार बाटल्या विकत घेतल्या. माझ्या हातच्या तोडणीची वाइन! ते म्हणाले, "एक लवकर पी. मग विसरून जा. मधल्या काळात उघडलीस तर मला शिव्या देशील." का, असं विचारल्यावर म्हणाले, मधे तिचं एक वय येतं. फ्रेंचमध्ये त्या वयाला म्हणतात 'लाज आँग्रा'. शब्दशः अर्थ 'कृतघ्न वय', पण वापरतात ते मुलांच्या अडनिड्या वयाबद्दल, ना धड लहान ना मोठं अशा. वाइनबद्दलही तोच शब्द. मला मात्र त्यातलं 'लाज' तेवढं ऐकू आलं, आणि आपल्या मराठीत ते जास्तच चपखल बसतंय असं वाटून हसू आलं.

दोन दोन बाटल्या करत मित्रांच्या सामानातून त्या नाशिकला पोचल्या. घरी ठेवणं शक्य नव्हतं. एक तर आमच्याकडचा उन्हाळा चाळिशीला टेकणारा आणि दुसरं म्हणजे आप्पा, माझे वडील. त्यांनी जन्मभर दारूला हात लावलेला नाही. पण तोवर नाशिकचं वारं बदललं होतं. सुला 1999 मध्ये सुरू झाली होती, 2000 मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झालं. माझा एक शाळूसोबती तेव्हा एका वायनरीत लागला होता. पिंपांच्या थंड खोलीत, पंधरा-सोळा अंशांत, त्याने माझ्या बाटल्या आडव्या ठेवून दिल्या. आडव्या अशासाठी की बूच ओलं राहावं. वाळलं की आक्रसतं आणि हवा आत शिरते.

पहिली बाटली 2008 मध्ये उघडली, कुवेतला निघायच्या आठवड्यात. मित्राने आणि मी त्याच्या गच्चीवर. काय सांगू! बूच निघताच ताज्या स्ट्रॉबेरीचा, लाल जामचा वास. चवीला हलकी, रसाळ, जिभेवर नाचणारी. रंग इतका पातळ की पेल्याच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. आप्पांनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, "पोर हसरी आहे." ते खुशीत होते. त्यांनी 2006 मध्ये दोन एकरांत शिराझ लावली होती, एका वायनरीशी करार करून. त्या वर्षी पहिला माल चांगल्या भावाने गेला होता. निर्यातीच्या द्राक्षाची मिजास नाही, मण्याचा आकार कुणी मोजत नाही, गाडी येते आणि माल घेऊन जाते. आप्पांच्या तोंडून पहिल्यांदाच 'शेती सोपी झाली' असं वाक्य ऐकलं.

ते वाक्य फार दिवस टिकलं नाही. 2008 च्या अखेरीस जगभर मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या आणि उठाव नाही. जिल्ह्यात अनेकांचा माल नाकारला गेला, अनेकांचे पैसे अडकले. 2009 मध्ये आप्पांकडे गाडी आलीच नाही. शिराझचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा; मंडईत त्याला कोण विचारणार? 2010 मध्ये त्यांनी खोडं कापून त्यावर पुन्हा खाण्याच्या द्राक्षाची कलमं केली. हे सगळं मला आईकडून कळलं. आप्पा शुक्रवारच्या फोनवर एवढंच म्हणायचे, "बरं आहे. तुझं काय?"

मी काय केलं? मी सल्लागार माणूस. मी त्यांना एक्सेल शीट पाठवली. कर्ज, हप्ते, पर्यायी पिकं, तीन रंगांत. शेजारच्या मुलाने ती छापून त्यांना दिली. त्यावर आप्पांचा शब्द नाही. मी फोनवर विचारत राहिलो, ते मिठाची गुळणी धरून बसले.

2011 च्या डिसेंबरात रजेवर गेलो ते मुद्दाम दुसरी बाटली उघडायचं ठरवून. वाटलं होतं, जरा वातावरण हलकं होईल. बूच काढलं. वास घेतला. काहीच नाही! म्हणजे व्हिनेगरचा नाही, कुबट नाही, खराब झाल्याची कुठलीही खूण नाही. नुसतं पाणी पडलेल्या दगडासारखं काहीतरी. चव तुरट आणि आंबट, मधला गर गायब. मी म्हटलं, गेली, नाशिकच्या उन्हाळ्याने मारली. मित्र शांतपणे म्हणाला, "गेलेली नाही. मिटली आहे." जाणकार तिला 'बंद झालेली' वाइन म्हणतात. मला त्याचा 'मिटली' हा शब्द जास्त आवडला, कारण मिटलेलं उमलू शकतं. आप्पांनी पेला नाकाशी नेला आणि परत केला. "हिला काही बोलायचं नाहीये," म्हणाले आणि बागेत निघून गेले.

हे असं का होतं, ते मी पुढे मित्राकडून आणि पुस्तकांतून समजून घेतलं. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. आंबवताना यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं तेव्हाच फळांच्या वासाची काही संयुगं तयार होतात, त्यांना एस्टर म्हणतात. कोवळ्या वाइनचा तो हसरा वास बराचसा यांचा. पण ही संयुगं टिकाऊ नाहीत. आम्लाच्या संगतीत, पाण्याशी प्रक्रिया होऊन ती वर्षा-दोन वर्षांत विरत जातात. दुसरीकडे वाइन मुरल्यावर येणारे वास, म्हणजे सुकलेल्या गुलाबाचे, पाचोळ्याचे, ओल्या मातीचे, अळंब्यांचे, तयार व्हायला पुष्कळ वर्षं घेतात. पहिले पाहुणे गेलेत आणि दुसरे अजून यायचेत, असा मधला काळ असतो. त्यात बाटलीत हवा जवळजवळ नसते. बुचातून वर्षाला काही मिलिग्रॅम प्राणवायू झिरपतो, तेवढाच. अशा कोंडलेल्या अवस्थेत गंधकाची काही संयुगं तयार होऊन उरलासुरला वासही झाकून टाकतात. याच काळात सालीतून आलेलं टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना बिलगून मोठे रेणू बनवत असतात. जांभळट लाल रंग विटकरी होतो, तुरटपणा मऊ होतो, काही भाग साका म्हणून तळाला बसतो. काम चालू असतं, फक्त बाहेर काही दिसत नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, स्क्रीन बंद आहे.

मग हलक्या लाल वाइनच्या बाबतीत हे जास्त का जाणवतं? पिनो न्वारची साल पातळ. रंग कमी, टॅनिनही बेताचं. काबर्ने सोव्हिन्योंसारखी दणकट वाइन मिटली तरी अंगापिंडाने भारदस्त लागते. हलक्या वाइनकडे वासच काय तो दागिना. तो उतरला की मागे आंबटपणा आणि किंचित तुरटपणा एवढंच उरतं, आणि माणूस फसतो. अर्थात सगळ्याच हलक्या वाइन या वाटेने जात नाहीत. बरगंडीच्या दक्षिणेला बोजोले आहे, तिथे गामे नावाच्या द्राक्षाची वाइन होते. तिचा नवा माल दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येतो आणि पुढच्या काही महिन्यांत संपवायचा असतो. तो मिटायच्या आतच पोटात जातो! त्याच बोजोलेतल्या मोर्गों, मुलाँ-आ-व्हाँ अशा काही भागांत मात्र टिकाऊ वाइन होते. ती मुरली की पिनोसारखी लागू लागते, आणि फ्रेंच लोकांनी त्यासाठी 'पिनोते' असं चक्क क्रियापदच केलंय. आणि साल सालासारखं नसतं. 2005 हे बरगंडीचं नावाजलेलं साल, पण त्या सालच्या लाल वाइन पुढे अनेक वर्षं घट्ट मिटून बसल्या म्हणूनही ते प्रसिद्ध आहे. माझ्या चार बाटल्या नेमक्या त्याच सालच्या.

हे सगळं कळूनही मी 2014 मध्ये तिसरी बाटली उघडलीच. सल्लागाराला धीर नसतो. तांब्यात ओतून दोन तास ठेवली, पेला गरागरा फिरवला. थोडा काहीतरी सुगंध आल्यासारखा वाटला आणि पुन्हा गुडूप. मित्र म्हणाला, "आता शेवटच्या बाटलीला तू हात लावायचा नाहीस." आणि किल्ली त्याने खिशात टाकली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी लेक 2010 ची, इथलीच, कुवेतची. चिवचिव करणारी पोर. शाळेच्या बसमधून उतरल्यापासून लिफ्टने सातव्या मजल्यावर येईतो दिवसभराचा वृत्तांत व्हायचा. मंडळाच्या गणेशोत्सवात तिचं निवेदन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. तेराव्या वर्षानंतर ते बंद झालं. खोलीचं दार लागलेलं. "कशी झाली शाळा?" "ठीक." "जेवण?" "नंतर." मंडळाच्या कार्यक्रमाला यायचं नाही. मी पुन्हा तेच केलं, जे आप्पांच्या बाबतीत केलं होतं. रोज संध्याकाळी स्टेटस रिपोर्ट मागितला. अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं, तीन रंगांत. समुपदेशकाचा नंबर काढला, मोबाइलचे तास ठरवले. मी जितका पेला गरागरा फिरवला तितकी ती मिटत गेली. एकदा मी ओरडलो. त्यानंतर आठ दिवस घरात फक्त एसीचा आवाज होता.

जुलै 2025 मध्ये सुट्टीवर गावी गेलो. पाऊस धरलेला, बाग हिरवीगार. एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी आप्पांपाशी लेकीची तक्रार केली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काय होतं, विसरलास का?" मी विसरलो नव्हतो. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांच्या आत पुढच्या वर्षीचे घड तयार होतात. सूक्ष्म घडनिर्मिती. डोळा फोडल्याशिवाय ते दिसत नाहीत आणि फोडला तर घड गेला. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फूट आली की तेव्हाच कळतं. "मग त्या दिवसांत आपण काय करतो?" मी म्हटलं, विरळणी. काड्यांची गर्दी काढून टाकायची म्हणजे आत ऊन पोचतं. "तेवढंच करायचं," आप्पा म्हणाले.

मी जरा चिडून म्हटलं, "पण आप्पा, तिला झालंय काय ते तरी कळायला नको का?" ते म्हणाले, "तिची मैत्रीण गेली ना कॅनडाला." मी बघतच राहिलो. 2023 च्या जूनमध्ये आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब कॅनडाला गेलं होतं. पहिलीपासूनची मैत्रीण. आम्ही निरोपाचं जेवण केलं, फोटो काढले, आणि आमच्या दृष्टीने विषय संपला. कुवेतमध्ये माणसं येतात, जातात; आपल्याला सवय झालेली असते. पोरांना झालेली नसते. आप्पांना हे कसं ठाऊक? "ती करते की फोन. रात्री. मी काही विचारत नाही, म्हणून सांगते." आणि थोडं थांबून म्हणाले, "मलाही तेव्हा तुझ्या कागदाची गरज नव्हती. नुसता बसला असतास तरी चाललं असतं."

पंधरा वर्षांनी मिळालेलं उत्तर! माझ्याकडे त्यावर बोलायला काही नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच नुसता बसलो.

दुसऱ्या दिवशी मित्राने आपण होऊन शेवटची बाटली आणली. वीस वर्षांची वाइन. बूच निम्मं भिजलेलं, कडेला विटकरी झालेला रंग, तळाला साका. पहिली काही मिनिटं काही नाही. मग हळूहळू, आपण काही न करता, ती उमलली. सुकलेल्या गुलाबपाकळ्या, ओली माती, मागे कुठेतरी खूप दूरची स्ट्रॉबेरी. 2008 च्या त्या हसऱ्या पोरीची ओळख होती, पण ही ती नव्हती. आप्पांनी वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पावसाळ्यात बागेत पाचोळा मुरतो, तो वास." लेक ओट्यावर येऊन बसली होती. तिने विचारलं, "मी घेऊ वास?" घेतला, नाक मुरडलं. "बाबा, यासाठी वीस वर्षं?" आम्ही चौघंही हसलो. दोन वर्षांत ती आमच्यात येऊन बसून असं हसण्याची ती पहिली वेळ.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण ती काही लगेच चिवचिवायला लागलेली नाही. पोर म्हणजे बाटली नव्हे, की अमुक वर्षांनी बूच काढलं की झालं. आणि खरं सांगायचं तर काही बाटल्या मिटलेल्या नसतात, खरोखर बिघडलेल्या असतात. तो फरक ओळखायला जवळ असावं लागतं, वास घेत राहावा लागतो. मी आता एवढंच करतो, शुक्रवारी संध्याकाळी तिला घेऊन गल्फ रोडने एक चक्कर मारतो. रेडिओ बंद. प्रश्न नाहीत. पहिले चार शुक्रवार ती खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होती. पाचव्या शुक्रवारी, कुवेत टॉवर्सच्या अलीकडच्या सिग्नलला म्हणाली, "टोरांटोत आता रात्र नाही, सकाळ असते ना?" मी म्हटलं, "हो." बस्स. पुढचं ती आपणहून बोलली, घरी पोचेपर्यंत. ते इथे लिहिणार नाही.

लेख पाठवण्याआधी तिला वाचायला दिला, तिची परवानगी हवी म्हणून. तिने संपूर्ण वाचला आणि एकच शेरा दिला: "वाइनचा भाग जरा लांब झालाय, बाबा. बाकी ठीक."

'ठीक' म्हणाली. पण या वेळी दार उघडं ठेवून गेली.